घराच्या परसात मधपेटी ठेवता येते का?

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), नालवाडी या भागांत शेतजमिनींचे ले-आउट पडत गेले आणि नोकरदार व निवृत्त मंडळींनी तेथे स्वतंत्र घरे बांधली. या घरांच्या मागे अजूनही थोडे अंगण उरले आहे. शेवगा, लिंबू, जांभूळ, कडूनिंब अशी झाडे त्यात हमखास दिसतात. अशा परसात एखादी मधपेटी ठेवावी, घरचा मध मिळावा, शेवग्याला आणि वेलभाज्यांना फळधारणा चांगली व्हावी, अशी इच्छा अनेकांना होते. मग प्रश्न सुरू होतात. परवानगी कोणाची घ्यायची? नगरपालिकेची की ग्रामपंचायतीची? शेजाऱ्याने तक्रार केली, तर पेटी उचलावी लागते का? कोणाला माशी चावली, तर जबाबदार कोण?

घरामागे एक-दोन मधपेट्या ठेवण्यासाठी परवाना घ्यावा, असे सांगणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. तथापि, कायदा या विषयावर गप्प आहे म्हणून पेटीधारक मोकळा आहे, असे मात्र समजू नये. उपद्रव, निष्काळजीपणा, सामायिक जागेचा वापर आणि अन्नपदार्थांची विक्री यांविषयीचे सर्वसाधारण कायदे मधपेटीलाही लागू पडतात. परवाना नसल्याने आधी कोणी तपासणी करीत नाही. त्यामुळे पेटी चुकीच्या जागी ठेवली आहे, हे बहुधा पहिली तक्रार झाल्यावरच कळते.

मगनवाडीचा वारसा

वर्ध्याला हा विषय नवा नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. संघाची सूत्रे जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. घाणीचे तेल, हातकागद, गूळ, हातसडीचा तांदूळ यांच्याबरोबरीने मधमाशापालनाचाही संघाने पुरस्कार केला. मोहोळाला धूर व आग दाखवून, पोळे पिळून मध काढण्याच्या जुन्या रीतीत माश्या, अंडी आणि अळ्या यांचा संहार होतो. हलत्या चौकटींच्या पेटीतून मात्र मधाची चौकट तेवढी वेगळी काढता येते, ती यंत्रात फिरवून मध निथळता येतो आणि रिकामे पोळे माश्यांना परत देता येते. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या मंडळींना ही पेटी का भावली असावी, हे सहज समजण्यासारखे आहे. मगनवाडीत १९३८ मध्ये मगन संग्रहालय सुरू झाले. त्याच परिसरात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे.

राज्यात या व्यवसायाची जबाबदारी महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाकडे असून, त्याचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे आहे. संशोधनासाठी पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशा संशोधन व प्रशिक्षण संस्था कार्यरत आहे. या सर्व यंत्रणेचा भर मात्र शेतकरी आणि डोंगराळ भागातील मधपाळ यांच्यावर राहिला. शहरी वसाहतीतील अंगण तिच्या नजरेसमोर फारसे नव्हते, आणि नियमांची पोकळी येथूनच सुरू होते.

चावते एक माशी, दोष दुसरीवर

नियमांकडे वळण्यापूर्वी माश्यांची ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण वसाहतींमधील बहुतेक वाद चुकीच्या ओळखीतून उद्भवतात.

आपल्याकडे प्रामुख्याने चार जातींच्या माश्या मध गोळा करताना दिसतात. उंच पाण्याच्या टाक्या, पिंपळ-वडाच्या फांद्या, सरकारी इमारतींचे छज्जे येथे एकच मोठे, उघडे पोळे लटकवते ती आग्या माशी. ती आकाराने मोठी व रागीट असून, डिवचल्यास समूहाने हल्ला करते आणि बराच अंतरापर्यंत पाठलाग करते. झुडपात, कुंपणात तळहाताएवढे पोळे बांधणारी ती फुलोरी माशी. या दोन्ही जाती उघड्यावर एकच पोळे करतात, त्यामुळे त्यांना पेटीत पाळता येत नाही. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधणारी सातेरी माशी पेटीत नांदते. तशीच पेटीत राहणारी, परंतु परदेशातून आणलेली, ती इटालियन किंवा मेलिफेरा. उत्तर भारतात ती १९६० च्या दशकात रुजली.

आता होते असे, की मंदिराच्या शिखरावरील किंवा टाकीखालील आग्या मोहोळ एखाद्या दगडाने, फटाक्याने अथवा धुराने उठते, चार जणांना चावे बसतात आणि संतापलेली वस्ती पेटी पाळणाऱ्याच्या दारात येते. ‘तुमच्याच माश्या’ या आरोपाला उत्तर देणे कठीण असते. वास्तविक आग्या मोहोळ कोणाच्या मालकीचे नसते, ते स्थलांतर करीत येते आणि हंगाम सरला की निघून जाते. सातेरीची पेटी ठेवणाऱ्याने शेजाऱ्यांना हा फरक आधीच दाखवून ठेवला, तर पुढचे निम्मे वाद टळतात. तज्ज्ञांशिवाय आग्या मोहोळ जाळण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. रात्री आग्या माश्या दिव्याकडे झेपावतात, त्यामुळे विजेऱ्या आणि टेंभे घेऊन केलेल्या या मोहिमा अंगाशी येतात. वर्ध्यातील सेंटर फॉर बी डेव्हलपमेंट या संस्थेने आग्या मोहोळातून माश्या न मारता मध काढण्याच्या पद्धतीवर काम केले आहे. अशा प्रशिक्षित व्यक्तींची मदत घेणेच शहाणपणाचे.

उपद्रव म्हणजे नेमके काय?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यातील ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या मनुष्य सोडून कोणताही सजीव अशी आहे. त्यामुळे मधमाशीही त्यात येते. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांच्या जीविताला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये यासाठी पुरेशी खबरदारी जाणूनबुजून वा निष्काळजीपणे न घेणे, हा कलम २९१ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या संहितेत हा दंड एक हजार रुपये होता. सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या कलम २७० मध्ये असून, कलम २९२ नुसार त्यासाठी एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

येथे ‘ताब्यातील’ हा शब्द महत्त्वाचा. पेटीतील वसाहत पेटीधारकाच्या ताब्यात आहे, हे नाकारता येत नाही. पेटीतून थवा उडून गेला व शेजारच्या आंब्यावर बसला, तर प्रश्न गुंतागुंतीचा होतो. इंग्लंडमधील अपील न्यायालयाने १९३९ मध्ये एका गाजलेल्या खटल्यात असे ठरवले, की मधमाश्या मूलतः वन्य असून, उडालेला थवा दुसऱ्याच्या जमिनीवर गेल्यावर तो धरण्यासाठी तेथे शिरण्याचा हक्क मूळ मालकाला राहत नाही. आपल्याकडील न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही; पण शेजाऱ्याच्या कुंपणावरून उडी मारण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी, एवढे तरी त्यातून शिकता येते.

फौजदारी गुन्ह्याचा मार्ग सहसा शेवटचा असतो. त्याआधीचा मार्ग उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातो. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देण्याचा अधिकार, जो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होता, तो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. धोकादायक प्राण्याला बंदिस्त करणे किंवा त्याची विल्हेवाट लावणे, याचाही त्यात समावेश आहे. जिल्ह्यात वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट असे तीन उपविभाग आहेत. असा आदेश ‘सशर्त’ असतो, म्हणजेच पेटीधारकाला हजर राहून आपली बाजू मांडता येते. नोटीस मिळताच घाबरून पेटीवर कीटकनाशक ओतण्याचे काहीच कारण नाही. याखेरीज एकट्या शेजाऱ्याला त्रास होत असेल, तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागण्याचा मार्ग त्याला मोकळा आहे.

हद्द कोणाची?

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी (रेल्वे) येथे नगरपरिषदा आहेत आणि त्यांचा कारभार १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार चालतो. या अधिनियमातील उपद्रवाची कल्पना व्यापक आहे. जीविताला, आरोग्याला किंवा मालमत्तेला धोका पोहोचवणारी वस्तू अथवा जागा तिच्यात बसते. त्याआधारे मुख्याधिकारी नोटीस काढू शकतात.

शहराला चिकटलेल्या मेघे वसाहती मात्र ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली वाढल्या आणि तेथे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम लागू होतो. या अधिनियमाच्या ग्रामसूचीत आरोग्य व स्वच्छता जशी आहे, तशी कुटिरोद्योग व ग्रामोद्योगांना उत्तेजन देण्याची बाबही आहे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन कुटुंबांना दोन वेगवेगळ्या दारांत जावे लागते, ते यामुळे. साधी खूण अशी, की घरपट्टीची पावती ज्या संस्थेची, तक्रार आणि खुलासा त्याच संस्थेकडे. परवानगीची सक्ती नसली, तरी पेटी ठेवल्याचे साध्या अर्जाने कळवून पोच घेणे हिताचे ठरते. वाद उद्भवल्यास ‘खबरदारी घेतली होती’ हे दाखवणारा तो पहिला कागद असतो.

सदनिकांचा प्रश्न वेगळा आहे. इमारतीची गच्ची ही सामायिक जागा असते. सहकारी गृहनिर्माण संस्था असो वा १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील संघ, इतरांच्या संमतीशिवाय तेथे पेटी ठेवता येत नाही. भाडेकरूने घरमालकाची लेखी संमती घ्यावी, हे ओघानेच आले.

वर्ध्याचा उन्हाळा आणि शेजारचा कूलर

कायद्याच्या पुस्तकात नसलेली, पण तक्रारींच्या मुळाशी असलेली एक गोष्ट म्हणजे पाणी. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पेटीच्या आत अंडी-अळ्यांसाठी ३४ ते ३५ अंश तापमान राखावे लागते. त्यासाठी माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरवतात आणि पंखांनी वारा घालतात. परसात पाणी नसेल, तर त्या जवळच्या कूलरकडे वळतात. ओल्या ताट्यांवर शेकडो माश्या बसल्या, की घरातील लहान मुले घाबरतात आणि तक्रार होते. यावर उपाय स्वस्त आहे. पसरट भांड्यात पाणी, त्यात बसण्यासाठी खडे किंवा सुतळीचा तुकडा, आणि हे भांडे पेटी आल्याच्या पहिल्या दिवसापासून भरलेले. माश्यांना एकदा कूलरची सवय लागली, की ती मोडणे अवघड जाते.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची. पेटीचे प्रवेशद्वार शेजाऱ्याच्या दारा-खिडकीकडे किंवा रस्त्याकडे असू नये. समोर पाच-सहा फूट उंचीची मेंदीची वा कोरांटीची कुंपणझुडपे, अथवा शेडनेटचा आडोसा असल्यास माश्या वर चढून माणसांच्या डोक्यावरून उडतात. शेजाऱ्यांची कपडे वाळवण्याची दोरी माश्यांच्या वाटेखाली येत नाही ना, हेही पाहावे. उडता उडता माश्या पिवळे ठिपके टाकतात आणि पांढऱ्या सदऱ्यावरचे हे ठिपके मैत्री तोडायला पुरेसे असतात. पेटीवर दुपारी सावली हवी. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, की मुंग्या चढत नाहीत. लहानशा अंगणात दोन पेट्यांच्या पुढे जाऊ नये.

पेटी उघडण्याची वेळ सकाळची, ऊन असताना. शेजारी अंगणात नसतील तेव्हाची. डंख करताना माशी जो गंध सोडते तो इतर माश्यांना चिथावतो, आणि धुराने तो झाकला जातो, म्हणून धुराडे जवळ असल्याशिवाय झाकण उघडू नये. उन्हाळ्यात फुलोरा संपला, की साखरेचा पाक द्यावा लागतो. तो पेटीच्या आत व सायंकाळी द्यावा. उघड्यावर ठेवलेला पाक परिसरातील सगळ्या माश्यांना व गांधीलमाश्यांना आमंत्रण ठरतो.

नगरपालिकेच्या डासनाशक धूरफवारणीचाही फटका बसतो. गाडीची वेळ ठाऊक असल्यास तेवढ्यापुरते ओले गोणपाट पेटीवर टाकावे व फवारणी संपताच काढावे. जिल्ह्यात कापूस आणि तूर यांचे क्षेत्र मोठे आहे. ले-आउटच्या कुंपणापलीकडे शेत असेल, तर फुलोऱ्यातील पिकावर भर दुपारी झालेली एक फवारणी अख्खी वसाहत रिकामी करू शकते. सातेरीच्या माश्या साधारण एक-दीड किलोमीटरपर्यंत फिरतात. तेवढ्या परिघातील शेतकऱ्यांशी बोलून फवारणी सायंकाळी करण्याची विनंती करावी. सक्ती करण्याचा कोणताही अधिकार पेटीधारकाला नाही.

पेटी, माश्या आणि मध

माश्या आणायच्या कोठून, हा पुढचा प्रश्न. जंगलातून मोहोळ धरून आणणे हा सोपा मार्ग वाटतो, पण तो धोक्याचा आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनातील मध व मेण हे वनोपज आहे. बोर व्याघ्र प्रकल्पासारख्या संरक्षित क्षेत्रात तर विनापरवाना प्रवेशसुद्धा करता येत नाही. वनहक्क कायदा, २००६ ने मधासह गौण वनोपज गोळा करण्याचा जो हक्क दिला, तो वनावर उपजीविका करणाऱ्या समाजांना. शहरी हौशी पाळकाला नव्हे. वसाहत प्रशिक्षित मधपाळाकडूनच विकत घ्यावी.

राज्य शासनाने २०१९ मध्ये मध केंद्र योजना सुरू केली. तीत साहित्यासाठी ५० टक्के अनुदान व ५० टक्के स्वगुंतवणूक असून, प्रशिक्षण घेणे आणि व्यवसाय सुरू करण्याबाबत बंधपत्र लिहून देणे बंधनकारक आहे. चौकशी वर्धा येथील जिल्हा ग्रामोद्योग अधिकारी कार्यालयात करावी. केंद्र शासनाने मधपाळांच्या नोंदणीसाठी एप्रिल २०२१ मध्ये ‘मधुक्रांती’ हे संकेतस्थळ सुरू केले. ही व्यवस्था व्यवसाय म्हणून पेट्या ठेवणाऱ्यांसाठी उपयुक्त आहे. अनुदान न घेता स्वखर्चाने एक पेटी ठेवणाऱ्यानेही प्रशिक्षण टाळू नये, असे सुचवावेसे वाटते. कलम २९१ मधील ‘पुरेशी खबरदारी’ सिद्ध करताना प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र पावतीपेक्षा अधिक बोलते.

घरात खाण्यासाठी किंवा नातलगांना देण्यासाठी मध काढला, तर कोणाच्या दारात जावे लागत नाही. बाटलीत भरून विक्री करायची झाल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी आणि वेष्टनावरील तपशील पाहावे लागतात. मधातील पाण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे २० टक्क्यांहून अधिक नसावे, असे मानक आहे. कोठड्यांवर मेणाची झाकणे बसण्यापूर्वीच घाईने काढलेला पातळ मध आंबतो व मानकातही बसत नाही.

डंख झाला तर

माशीचा काटा कातडीत राहतो आणि त्याची विषाची पिशवी काही वेळ आत विष सोडत राहते. म्हणून काटा नखाने वा कार्डाच्या कडेने तत्काळ खरवडून काढावा. बहुतेकांना सूज व वेदना यापलीकडे काही होत नाही. काही थोड्यांना मात्र श्वास लागणे, अंगभर गांधी उठणे, ओठ व घसा सुजणे, चक्कर येणे अशी लक्षणे काही मिनिटांत दिसतात. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा त्यावरील मुख्य उपचार आहे. जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही शहराजवळची मोठी रुग्णालये. शेजारी कोणाला अशी ॲलर्जी असल्याचे माहीत असताना पेटी ठेवणे, हे कायद्याच्या दृष्टीने निष्काळजीपणाच्या फार जवळ जाते. तेथे पेटीचा हट्ट सोडणेच योग्य.

अन्यत्र काय होते?

न्यूयॉर्क शहरात मधमाश्या पाळण्यावर बंदी होती. मार्च २०१० मध्ये तेथील आरोग्य मंडळाने ती उठवली आणि त्याऐवजी पेटीची नोंदणी, पाण्याची सोय व उपद्रव होऊ न देण्याची अट घातली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात एकच पेटी असली, तरी नोंदणी सक्तीची आहे. त्यामागचे कारण रोगनियंत्रण. आपल्याकडेही १९९० च्या दशकात थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या होत्या. कोणाच्या परसात किती पेट्या आहेत याची यादीच नसेल, तर अशा साथीत सूचना तरी कोणाला देणार? स्थानिक संस्थांनी शुल्क न आकारता साधी नोंदवही ठेवली, तरी बरेच काम होईल.

पेटी हलवण्याची वेळ आलीच, तर आदेश देणाऱ्यांनी आणि पाळणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. माश्या जागा ओळखतात, पेटी नव्हे. अंगणाच्या एका कोपऱ्यातून पन्नास फुटांवरच्या दुसऱ्या कोपऱ्यात पेटी सरकवली, तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी परतून घिरट्या घालतात आणि उपद्रव वाढतो. म्हणून पेटी रोज दोन-तीन फूट सरकवावी, अन्यथा एकदम तीन किलोमीटरपेक्षा दूर न्यावी. दूर नेताना अंधार पडल्यावर, सगळ्या माश्या आत आल्यावर, प्रवेशद्वाराला हवा खेळेल अशी जाळी लावूनच ती उचलावी. ‘चोवीस तासांत हटवा’ असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याकडे निदान एक रात्र मागून घ्यावी.